४२ क्रमांकाच्या मागावर: कॅन्सस सिटी ते कूपर्सटाउन

४२ क्रमांक पाठीवर घालून खेळलेला काळा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, त्याच्याशी जोडलेल्या जागा पाहायला निघालेले बहुतेक जण थेट ब्रुकलिन गाठतात. १५ एप्रिल १९४७ ला तो तिथे डॉजर्स संघाकडून उतरला आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलचं दार काळ्या खेळाडूंना उघडलं, हे खरंच आहे. पण सहल तिथून सुरू करू नये. ब्रुकलिन आधी पाहिलं की सगळी गोष्ट डॉजर्सचे कर्तेधर्ते ब्रांच रिकी यांच्या औदार्याची वाटू लागते. त्याआधी काळ्या खेळाडूंच्या स्वतःच्या लीग होत्या, ज्यांना 'निग्रो लीग' म्हणत, त्यांचे मालक, गाड्या, प्रेक्षक आणि खेळण्याची वेगळी पद्धत होती. त्यातलं काय घेतलं गेलं आणि कशाचा मोबदला कधीच मिळाला नाही, हे कळायला सुरुवात कॅन्सस सिटीतच हवी.

हंगाम एप्रिल-मेचा निवडावा. लीग सुरू झालेल्या असतात, फ्लोरिडात रोज दुपारी कोसळणारा वळीव अजून लागलेला नसतो आणि कूपर्सटाउनला उन्हाळ्याची झुंबड नसते.

पहिला दिवस: कॅन्सस सिटी

विमानतळ शहराच्या बराच उत्तरेला आहे. मध्यवर्ती भागातली ट्राम एटीन्थ अँड व्हाइन या वस्तीपर्यंत जात नाही, त्यामुळे बस किंवा टॅक्सी करावी लागते. निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम १६१६, ईस्ट एटीन्थ स्ट्रीटला आहे आणि सोमवारी बंद असतं. याच इमारतीत जॅझ संग्रहालयही आहे. दोन्हींचं एकत्र तिकीट निघतं, पण बेसबॉलसाठी किमान तीन तास वेगळे ठेवावेत.

संग्रहालयाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. आत शिरल्या शिरल्या जाळीपलीकडे एक छोटं मैदान दिसतं आणि त्यावर ब्राँझचे दहा पूर्णाकृती खेळाडू. सॅचेल पेज पिचर, जॉश गिब्सन कॅचर, क्यूबाचा मार्टिन दिहिगो बॅट घेऊन उभा, मधल्या आउटफिल्डमध्ये ऑस्कर चार्ल्सटन. जाळीमुळे तिथे पाऊल टाकता येत नाही. अख्ख्या इतिहासाला वळसा घालून आल्यावर अगदी शेवटी त्या मैदानावर उतरता येतं. घाईतले लोक मधूनच परततात आणि नेमकं हेच चुकवतात. (ज्यूडी जॉन्सन इथे शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, दिसतो. त्याची ख्याती तिसऱ्या बेसची, पण तिथे रे डँड्रिज उभा आहे.)

जे. एल. विल्किन्सन हे कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या संघाचे गोरे मालक. त्यांनी १९३० मध्येच ट्रकवर चढवलेले दिवे गावोगाव नेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमधला पहिला रात्रीचा सामना झाला २४ मे १९३५ ला, सिनसिनाटीत. या फिरत्या दिव्यांत अडचणीही होत्या. जनरेटरचा आवाज कान किटवायचा आणि उंच उडालेला चेंडू उजेडाच्या वर जाऊन दिसेनासा व्हायचा. तरी दिवसभर कारखान्यात राबणारा माणूस संध्याकाळी तिकीट काढून येऊ शकला, आणि मंदीच्या काळात संघ तगला तो त्यावरच.

रॉबिन्सन १९४५ चा हंगाम याच मोनार्क्सकडून महिना ४०० डॉलरवर खेळला. मोनार्क्सचे खेळाडू आणि पुढे व्यवस्थापक झालेले बक ओ'नील ओक्लाहोमातल्या एका पेट्रोलपंपाची हकीकत सांगत असत. संघाच्या बसला दोन्ही बाजूंना ५० गॅलनच्या टाक्या होत्या. पंपावरचं स्वच्छतागृह काळ्यांना वापरू देणार नाही असं ऐकताच रॉबिन्सनने पंपवाल्याला नळी काढून घ्यायला सांगितलं. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून पंपवाला नरमला. त्याआधी वर्षानुवर्षं तो संघ तिथेच पेट्रोल भरत होता.

या संग्रहालयात दोन वस्तूंपाशी थांबावंच. एक म्हणजे गोळ्यांनी छिद्रं पडलेला धातूचा फलक. जॉर्जियातल्या रॉबिन्सनच्या जन्मस्थळाजवळ २००१ मध्ये तो लावला होता, २०२१ मध्ये कुणीतरी त्यावर बंदूक चालवली. छिद्रांभोवती रंगाचे पापुद्रे उडून खालचा धातू उघडा पडला आहे, तरी अक्षरं वाचता येतात. दुसरी वस्तू म्हणजे ब्राँझचे बूट. विचिटामधल्या मुलांच्या 'लीग ४२'च्या मैदानाजवळचा रॉबिन्सनचा पुतळा जानेवारी २०२४ मध्ये चोरांनी घोट्यापासून कापून नेला. मागे बूट तेवढे राहिले. मूळ साच्यातून नवा पुतळा ओतून त्याच वर्षी तिथे बसवला गेला. हे सगळं जुनं झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन वस्तूंवरच्या तारखा वाचाव्यात.

संध्याकाळी रॉयल्सचा, म्हणजे शहराच्या मेजर लीग संघाचा, सामना असेल तर कॉफमन स्टेडियममध्ये होम प्लेटमागे निळ्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची शोधावी. ती बक ओ'नील यांच्या नावाची आहे. समाजासाठी काम करणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक सामन्यात त्या जागेवर बसायचा मान मिळतो.

दुसरा दिवस: पासेओ वायएमसीए, मग मेम्फिस

संग्रहालयापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर पासेओ वायएमसीएची विटांची इमारत आहे. १३ फेब्रुवारी १९२० ला शिकागोच्या काळ्या संघाचे मालक रूब फॉस्टर यांनी इथे संघमालकांना बसवून निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. संघ आठ होते. इमारतीचं संशोधन केंद्र करायचं काम चालू असताना २०१८ मध्ये कुणीतरी पाण्याची नळी कापली आणि आत पाणी भरून मोठं नुकसान झालं. जाण्याआधी संग्रहालयात विचारून घ्यावं. बाहेरून पाहायला अडचण नाही.

पुढे मेम्फिस सुमारे ४५० मैल, म्हणजे गाडीने पूर्ण दिवस. मेम्फिस रेड सॉक्स हा स्वतःचं मैदान असलेल्या मोजक्या काळ्या संघांपैकी एक. पुढे ते मार्टिन बंधूंच्या मालकीचं झालं. बाकीचे बहुतेक संघ गोऱ्या संघांची मैदानं भाड्याने घेत. म्हणजे काळ्या प्रेक्षकांच्या तिकिटाचा एक वाटा गोऱ्या मालकाच्या खिशात जायचा, आणि लीग बंद पडाव्यात असं वाटण्यात त्या मालकांचा काहीच फायदा नव्हता. ही जुनी व्यवस्था इतकी वर्षं टिकली त्यामागे द्वेषाबरोबर हे भाडंही होतं.

तिसरा दिवस: बर्मिंगहॅम

मेम्फिसहून साडेतीन-चार तास. रिकवूड फील्ड १८ ऑगस्ट १९१० ला उघडलं. अमेरिकेत उभं असलेलं व्यावसायिक बेसबॉलचं हे सगळ्यात जुनं मैदान. गोऱ्यांचा बॅरन्स संघ बाहेरगावी गेला की ब्लॅक बॅरन्स इथे खेळत. पुढे मेजर लीग गाजवणारा विली मेज १९४८ मध्ये १७ वर्षांचा असताना याच मैदानात उतरला. शाळा चालू असेपर्यंत त्याला मोकळीक फक्त घरच्या सामन्यांपुरती होती. त्याच वर्षीची निग्रो वर्ल्ड सिरीज, म्हणजे निग्रो लीगची अंतिम मालिका, शेवटची ठरली. होमस्टेड ग्रेजनी ब्लॅक बॅरन्सना ४-१ असं हरवलं.

उजव्या आउटफिल्डच्या बाजूला जाऊन उभं राहावं. गोऱ्या संघाच्या सामन्यात काळ्या प्रेक्षकांना तिथल्या बाकांवरच बसावं लागे. आउटफिल्डच्या आताच्या कुंपणामागे जुनी काँक्रीटची भिंत शाबूत आहे. चेंडू किती लांब मारावा लागत असे याचा अंदाज त्या भिंतीवरूनच येतो.

रॉबिन्सनने मेजर लीगचं दार उघडल्यावरही बर्मिंगहॅम अडून बसलं होतं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायचं नाही, अगदी पत्ते आणि सोंगट्यासुद्धा नाही, असा नगरपालिकेचा नियम होता, आणि बेसबॉलही त्यात होता. १९५३ च्या शरदात रॉबिन्सन आपला मिश्र संघ घेऊन आला तेव्हा गोऱ्या खेळाडूंना बसवून सामना खेळावा लागला. १९५४ च्या सुरुवातीला नियम सैल झाला, पण जूनमध्ये मतदारांनीच तो परत आणला. दक्षिणेतली सदर्न असोसिएशन ही लीग मिश्र संघांना शेवटपर्यंत तयार झाली नाही आणि १९६१ च्या हंगामानंतर बंद पडली. बर्मिंगहॅमला १९६२ आणि १९६३ मध्ये व्यावसायिक बेसबॉलच नव्हता. १९६४ मध्ये परतला तो मिश्र संघ घेऊनच.

२० जून २०२४ ला इथे मेजर लीगचा सामना झाला. जायंट्स विरुद्ध कार्डिनल्स, कार्डिनल्स ६-५ ने जिंकले. मेज दोनच दिवस आधी, १८ जूनला वारला होता. सामना नसलेल्या दिवशी मैदान पाहायचं तर आधी चौकशी करावी, कारण खाजगी कार्यक्रम असले की दार बंद असतं. शहरात रीजन्स फील्डशेजारचं निग्रो सदर्न लीग म्युझियम तासा-दीड तासात होतं.

चौथा दिवस: केरो, जॉर्जिया

स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच, पण स्थानिक उच्चार केरो. रस्ता विचारताना हे लक्षात ठेवावं. माँटगोमेरी, डोथन करत पाच-एक तास लागतात, शिवाय अलाबामातून जॉर्जियात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. ग्रंथालय गाठायचं असेल तर पहाटेच निघावं.

रॉबिन्सनचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, गावाबाहेरच्या एका शेतघरातला. घर जळून गेलं, चुलीचं धुराडं उरलं. वर्षभरातच बाप घर सोडून गेला आणि आई मॅली पाचही मुलं घेऊन कॅलिफोर्नियातल्या पासाडीनाला गेली. कॅन्सस सिटीत पाहिलेला फलक मूळ इथला. २०२२ मध्ये मेजर लीगच्या मदतीने नवे फलक आले, एक जन्मस्थळी आणि एक गावातल्या रॉडनबेरी ग्रंथालयापाशी. दुसरा फलक सापडायला सोपा. तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.

मुक्काम टॅलाहासीला केला. तिथून जॅक्सनव्हिलकडे जाणारा महामार्ग म्हणजे १९४६ च्या वसंतात रॉबिन्सन दांपत्याने केलेल्या प्रवासाचीच दिशा. लग्नाला तीन आठवडेही झाले नव्हते. लॉस एंजलिसहून विमानाने निघालेल्या जॅकी आणि रेचेलला आधी न्यू ऑर्लिन्सला आणि मग पेन्साकोलाला विमानातून उतरवून त्यांच्या जागा इतरांना दिल्या गेल्या. पेन्साकोला ते जॅक्सनव्हिल ते बसने आले, सगळ्यात मागच्या बाकावर. वातानुकूलित गाडीतसुद्धा हे अंतर संपता संपत नाही.

पाचवा दिवस: डेटोना बीच, डीलँड, सॅनफर्ड

रिकींनी रॉबिन्सनला आधी माँट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्या दुय्यम संघात घेतलं होतं. सराव फ्लोरिडात होता. सॅनफर्डमध्ये जमाव चालून येणार अशी धमकी आल्यावर रॉबिन्सन आणि पिचर जॉन राइट यांना दोन दिवसांतच डेटोनाला हलवावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये मैदानाला कुलूप लावलं गेलं. डीलँडमध्ये सामना रद्द करताना कारण दिलं दिवे बिघडल्याचं, आणि सामना दिवसाचा होता. डेटोनाने मात्र खेळू दिलं. मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांनी उभं केलेलं कॉलेज आणि संघटित काळा समाज तिथे होता, नगरपालिकेला त्यांच्या मतांची किंमत होती. १७ मार्च १९४६ ला सिटी आयलंडवरच्या मैदानात रॉबिन्सन खुद्द डॉजर्सविरुद्ध खेळला. काळे प्रेक्षक वेगळ्या भागात दाटीने बसले होते.

ते मैदान आज जॅकी रॉबिन्सन बॉलपार्क म्हणून ओळखलं जातं, १०५, ईस्ट ऑरेंज अव्हेन्यू. दाराशी त्याचा मुलांसोबतचा पुतळा आहे. डेटोना टॉर्टुगाज हा सिंगल-ए या खालच्या पातळीचा संघ इथे खेळतो, म्हणजे तिकीट स्वस्त आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर. मैदानाचं मोठं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चाललं आहे, कोणता भाग उघडा आहे हे आधी पाहून घ्यावं.

दुपारनंतर ऑर्लँडोकडे निघालं की डीलँड आणि सॅनफर्ड दोन्ही वाटेतच लागतात. ऑर्लँडोहून नेवार्कची विमानं भरपूर.

सहावा दिवस: पॅटरसन आणि जर्सी सिटी

पॅसेइक नदीच्या धबधब्यालगत १९३२ मध्ये उभं राहिलेलं हिंचलिफ स्टेडियम १९९० च्या दशकात बंद पडलं, गवत-झुडपांनी भरलं आणि २०२३ मध्ये परत उघडलं. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज इथे खेळत. पॅटरसनच्या शाळेत शिकलेल्या लॅरी डोबीने नेवार्क ईगल्ससाठी निवडचाचणी दिली तीही इथेच. ५ जुलै १९४७ ला तो क्लीव्हलँडकडून उतरला आणि मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू ठरला. रॉबिन्सननंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, आणि दुय्यम संघात एक दिवसही न घालवता. तेच अपमान त्याने सोसले, प्रसिद्धी मात्र फार कमी मिळाली.

लीगचं काय झालं ते इथे नीट समजतं. रिकींनी रॉबिन्सनसाठी मोनार्क्सला एक पैसाही दिला नाही. मोनार्क्सकडे धड करारच नाहीत, असं रिकींचं म्हणणं. नेवार्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅनली यांनी मात्र डोबीसाठी क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांच्याकडून १५,००० डॉलर घेतले. त्या दर्जाच्या गोऱ्या खेळाडूला याच्या कितीतरी पट किंमत आली असती, हे त्यांनी व्हेकना ऐकवलंही. नेवार्कचा प्रेक्षक ब्रुकलिनला जाऊ लागला. १९४६ चं विजेतेपद मिळवलेल्या ईगल्सचा प्रेक्षक एका वर्षात निम्म्याहून खाली आला. १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग संपली. तिच्यासोबत काळे व्यवस्थापक, प्रशिक्षक, पंच, तिकीटविक्रेते यांच्या नोकऱ्याही गेल्या. खेळाडूंसाठी जे दार उघडलं ते या माणसांसाठी उघडलं नाही. मेजर लीगला पहिला काळा प्रशिक्षक मिळाला १९६२ मध्ये, बक ओ'नील यांच्या रूपाने, आणि पहिला व्यवस्थापक १९७५ मध्ये, क्लीव्हलँडचा फ्रँक रॉबिन्सन.

संध्याकाळी जर्सी सिटी. जर्नल स्क्वेअर स्थानकाबाहेर रॉबिन्सनचा पुतळा आहे, आणि तिथून पायी काही मिनिटांवर नेवार्क अव्हेन्यूची भारतीय बाजारपेठ. न्यू जर्सीतली मराठी मंडळी किराण्याला तिथे नेहमी येतात, पुतळ्यावरूनच पुढे जातात. थांबून पाहावा, कारण या शहरात १८ एप्रिल १९४६ ला रॉबिन्सनने माँट्रियलकडून पहिला अधिकृत सामना खेळला. रूझवेल्ट स्टेडियमची क्षमता २५,००० च्या आसपास, तिकिटं विकली गेली ५०,००० हून जास्त.

पाच वेळा बॅटिंग, चार हिट, त्यातला एक तीन धावांचा होम रन (चेंडू थेट कुंपणापार), दोन बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. माँट्रियल १४-१ ने जिंकलं. पण पाहण्यासारखी आहे ती पाचव्या डावातली धाव. रॉबिन्सनने चेंडू हलकेच बॅटला लावून जमिनीवर सोडला (याला बंट म्हणतात) आणि पहिला बेस गाठला. मग दुसरा चोरला, जमिनीवरून गेलेल्या साध्या फटक्यावर तिसरा घेतला. तिसऱ्यावरून तो घराकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटकडे, धावल्याचं सोंग करून परत फिरू लागला. पिचरने एकदा फेक सुरू केली की ती मध्येच थांबवता येत नाही, थांबवली तर 'बॉक' आणि प्रत्येक धावपटूला एक बेस फुकट. गोंधळलेल्या पिचरने नेमकं तेच केलं, आणि रॉबिन्सन चालत घरी आला. जोरदार फटका एकही नाही, तरी धाव. ही निग्रो लीगची शाळा होती. मेजर लीगमधले संघ तेव्हा होम रनची वाट पाहत बसत. १९४७ नंतर बेस चोरण्याची कला मेजर लीगमध्ये परतली, ती या शाळेतून आलेल्या खेळाडूंमुळे.

स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. तिथे आता सोसायटी हिल ही निवासी वसाहत आहे.

सातवा दिवस: न्यूयॉर्क

क्रम असा धरावा. मॅनहॅटनमध्ये ७५, व्हॅरिक स्ट्रीटला २०२२ मध्ये उघडलेलं जॅकी रॉबिन्सन म्युझियम, कनाल स्ट्रीट स्थानकाजवळ. आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वार पाहूनच न्यूयॉर्कचा मुक्काम ठरवावा. नंतर ब्रुकलिनमधला २१५, माँटेग्यू स्ट्रीट. २८ ऑगस्ट १९४५ ला इथल्या कार्यालयात रिकींनी रॉबिन्सनला तासन् तास प्रश्न विचारले, शिव्या देऊन पाहिल्या आणि उलट हात न उचलण्याचं वचन घेतलं. ती इमारत गेली, तिच्या जागी बँक आहे आणि भिंतीवर फलक.

एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं. बेडफर्ड अव्हेन्यू आणि सलिव्हन प्लेसच्या कोपऱ्यावर त्याच नावाचे उंच निवासी मनोरे उभे आहेत. प्रॉस्पेक्ट पार्क स्थानकावरून चालत जाता येतं. पाहायला काही नाही, पण कोपऱ्यावर उभं राहून १५ एप्रिल १९४७ आठवावा: रॉबिन्सन पहिल्या बेसवर, हिट एकही नाही. सातव्या डावात त्याने बंट केला, घाईतली फेक चुकली, आणि पुढे पीट रायझरच्या फटक्यावर त्याने आघाडीची धाव घेतली. डॉजर्स ५, ब्रेव्ह्ज ३. पुन्हा तीच शाळा.

सगळ्या संघांनी पाठोपाठ दारं उघडली असा समज आहे, तो चुकीचा आहे. यांकीज १९५५ पर्यंत थांबले. बॉस्टन रेड सॉक्स सगळ्यात शेवटी, २१ जुलै १९५९ ला पंप्सी ग्रीनला घेऊन. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाला होता.

१९९७ मध्ये ४२ क्रमांक सगळ्या मेजर लीगमध्ये निवृत्त केला गेला, आणि आता दर १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडू तोच क्रमांक पाठीवर घालतो. त्याच दिवशी मैदानात अमेरिकन काळे खेळाडू किती असतात ते मोजावं. १९८१ मध्ये त्यांचं प्रमाण १८.७ टक्के होतं, अलीकडे ते ६ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता. कारणं पैशाची आहेत. मुलांचे फिरते खाजगी संघ महाग झाले. वरच्या विभागातल्या कॉलेजला बेसबॉलसाठी अनेक वर्षं ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मुभा होती, अमेरिकन फुटबॉलला ८५. गरीब घरातला गुणी मुलगा फुटबॉलकडे वळला तर नवल नाही.

आठवा दिवस: कूपर्सटाउन

न्यूयॉर्कहून सुमारे २०० मैल, चार तास. रेल्वे नाही, गाडी हवीच. मेन स्ट्रीटवर गाडी लावायला वेळेची मर्यादा असते. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या वाहनतळांवरून ट्रॉली मिळते.

हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-संग्रहालयात 'सोल्स ऑफ द गेम' हे २०२४ मध्ये उघडलेलं दालन आधी पाहावं, मग खालचं स्मृतिफलकांचं दालन. रॉबिन्सनच्या १९६२ च्या फलकावर त्याच्याच इच्छेवरून फक्त खेळातली कामगिरी होती, वर्णभेदाचा उल्लेखही नव्हता. २००८ मध्ये फलक बदलला आणि त्याच्या धैर्याची नोंद आली. सॅचेल पेज १९७१ मध्ये निवडला गेला तेव्हा मेजर लीगमधली दहा वर्षं भरत नाहीत म्हणून निग्रो लीगवाल्यांना वेगळ्या कोपऱ्यात ठेवायचा बेत होता. टीका झाली, बेत गुंडाळावा लागला. एफा मॅनली २००६ मध्ये आल्या, आजवरच्या एकमेव महिला. ओ'नील त्याच वर्षी मतदानात हुकले, तरी त्या समारंभात इतरांसाठी ते भाषण करून गेले आणि ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांचा फलक २०२२ चा.

१९२० ते १९४८ मधल्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. बॅटिंग सरासरीत जॉश गिब्सन ०.३७२ ने आधीचा विक्रमवीर टाय कॉबच्या पुढे गेला. मोजले गेले ते फक्त लीगचे सामने. गावोगाव फिरून खेळलेले शेकडो सामने यात नाहीत, म्हणून गिब्सनच्या होम रनची एकूण संख्या इथे कमी दिसते.

बाहेर पडल्यावर डबलडे फील्ड या गावातल्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव फाउलर वे आहे. बड फाउलर याच गावात वाढला. १८७८ मध्ये पैसे घेऊन खेळलेला तो पहिला ज्ञात काळा खेळाडू. हॉल ऑफ फेममध्ये त्याला ओ'नील यांच्यासोबतच जागा मिळाली. परतताना आंतरराज्य ८८ ने बिंगहॅम्टनमार्गे जाता येतं. १८८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या संघातल्या गोऱ्या खेळाडूंनी फाउलरबरोबर खेळणार नाही असं कळवलं, संघाने त्याला सोडलं, आणि १४ जुलैला इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी करार करायचा नाही असं मतदान केलं. रॉबिन्सन १९४६ मध्ये माँट्रियलकडून खेळला ती लीग त्याच नावाची.